वीतभर तुकडा

दवाखान्याच्या लाइनवर सिग्नल सारखा अडखळत होता. धाकट्याने फायबरची पेटी उघडली आणि आतले जोड पाहताच ओळखले. दादाच्या हातचं शेवटचं काम होतं हे. त्यानंतर महिन्याभरात दादा गेला.

दादा पक्का चिकट. तुकडा फेकायचा म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. इथेही त्याने दोन जोडांच्या मध्ये वीतभर उरलेली काचेची तार बसवली होती. जुन्या तारेत ते खपून जायचं. ही नवी तार वाकवली तरी प्रकाश सांडत नाही, त्यामुळे पहिल्या जोडाशी भरकटलेला प्रकाशही आतच राहतो आणि तुकडा आखूड असला, तर विरायच्या आधीच दुसऱ्या जोडाशी मूळ सिग्नलमध्ये घुसतो.

धाकट्याने तुकडा कापून काढला आणि चांगली लांब तार घातली.

“आता स्वच्छ आली लाइन,” ऑफिसात पडद्यासमोर बसलेली वहिनी फोनवर म्हणाली. “त्यांचंच काम होतं ना, भाऊजी?”

“जोड पक्के होते, वहिनी. तुकडा तेवढा आखूड होता.”

“फेकला?”

“नाही.”

दादाच्या तुकड्यांच्या डब्यावरून तिने संसारभर त्याचं डोकं खाल्लं होतं.

“घेऊन या,” ती म्हणाली. “डबा टाकून दिलेला नाही मी अजून.”