थोरल्या कांडीचा टिळा

मित्रांनो, मी पोलादाची बोटाएवढी कांडी आहे. वयानं जुनी, तोंडानं फटकळ आणि आता एकटी. रायफलीत काडतूस बसतं ती जागा झिजली की नाही, हे सांगणं माझं काम. ती झिजून लांबली, तर बार उडताना काडतुसाचं पितळ फाटतं आणि जाळ उलटा डोळ्यांत येतो.

आम्ही दोघी होतो. धाकटी माझ्याहून केसभर आखूड. ती आत घातली की बोल्ट, म्हणजे रायफलीची मागची सरकती खीळ, बंद झालाच पाहिजे. मी आत असले तर बंद होता कामा नये. मी अडवलं तर रायफल चांगली. मला न जुमानता बोल्ट बंद झाला, तर रायफल वाईट. अडवण्यासाठीच मला घडवलं. अडवणारीवर माया कोण करतं?

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. अकोल्याचा एक साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. एका खोक्यात पन्नासेक कांड्या, सगळ्या मापांच्या. अमरावतीच्या राजापेठेतले, बंदुका दुरुस्त करणारे भगवंत मिस्त्री दुपारभर एकेक उचलून तिच्या अंगावरचे आकडे वाचत बसले. एका काडतुसाची कांडी दुसऱ्या काडतुसाच्या रायफलीत कामाची नसते. धाकटी सापडली, तरी ते उठेनात.

"एक भेटली नं, मिस्त्री? दुसरी तशीच तं हाय," लिलाववाला म्हणाला.

"तशी दिसते. हो म्हणणारी भेटली, आता नाही म्हणणारी पाह्यजे. एकाच घरी इचारून सोयरीक जमते काय, बावा?"

मी खोक्याच्या तळाशी होते. त्या दिवशी मला कोणीतरी शोधलं. तसं पुन्हा कधी झालं नाही.

मिस्त्रींची बायको माणिकबाई. ती रोज संध्याकाळी आम्हाला मलमलीनं पुसून डबीत ठेवायची. गिऱ्हाईक धाकटीवर खूश. माझी पाळी आली की कपाळाला आठ्या.

मग खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा. माणिकबाईनं पाटावर हातोडे मांडले, कानशी मांडल्या, आम्हा दोघींना मांडलं. मान थोरलीचा म्हणून पाण्यात कालवलेल्या कुंकवाचा जाड टिळा मला एकटीला लावला, तोही माझ्या सपाट बुडाला. खोटं कशाला बोलू, मी फुगले. साहेबाच्या घरी मला कोणी फडकंसुद्धा मारलं नव्हतं.

दुपारी भातकुलीचे उत्तमराव रायफल घेऊन आले. रानडुकरांसाठी घेतलेली, परवान्याची. दसऱ्याला गावच्या शिवेवर पहिला बार त्यांच्या घरचा, अशी पिढ्यांची रीत.

"लवकर पाहा, मिस्त्री. उद्या मले साऱ्या गावासमोर बार उडवाचा हाय."

मिस्त्रींनी धाकटी घातली, बोल्ट बंद झाला. मला घातलं, बोल्ट अडला. "चांगली हाय. न्या," ते म्हणाले.

मला उचलताना त्यांना टिळा दिसला होता. पण पूजेचं कुंकू दसऱ्याआधी पुसायचं नाही, म्हणून तसंच घातलं. मित्रांनो, बोल्ट मी अडवलाच नव्हता. बुडावरच्या त्या वाळल्या टिळ्याच्या जाडीनं अडवला होता. मी आत ओरडत होते. पोलादाचं ओरडणं कोणाला ऐकू येणार?

दसऱ्याच्या सकाळी माणिकबाई पाट आवरायला बसली. तिचं नख माझ्या बुडाला लागलं आणि कुंकवाची खपली निघाली. बाई थबकली.

"अहो, काल उत्तमरावच्या रायफलीत थोरली पुसून घातली होती काय?"

"पूजेचं कुंकू कोण पुसते?"

"अन् त्याच्या डोयातली बारूद कोण पुसन? छकडा जुंपा. मीबी येतो!"

भातकुलीच्या शिवेवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आपट्याच्या झाडाखाली गाव जमलेलं, उत्तमरावांनी रायफल खांद्याला लावलेली. माणिकबाईनं जाऊन त्यांचा हातच धरला.

"थांबा, भाऊ! आधी थोरली घाला."

"बाई, दसऱ्याच्या दिवशी माही फजिती काहून करून राहिल्या?"

"फजिती चार दिवसात इसरते गाव. डोया काही परत उगवत नाही."

काडतूस काढलं, मला घातलं. बोल्ट उत्तमरावांनी स्वतः फिरवला. तो असा अलगद बंद झाला, की जणू मी तिथं नव्हतेच.

"झाला नं बंद? चांगलं तं हाय!"

"थोरली आत असतानी बंद होते, हेच वाईट," मिस्त्री मान खाली घालून म्हणाले. "चूक माही."

"टिया म्या लावला," माणिकबाई म्हणाली. "माहीबी."

बार झाला नाही. रीत मोडली. उत्तमरावांनी मला शिवी हासडली, मातीत फेकलं आणि ते रायफल घेऊन चालते झाले. माणिकबाईनं मला वेचून पदरात बांधलं.

पण दसऱ्याला अपशकून करणारी कांडी, अशी माझी कीर्ती पसरली. गिऱ्हाईक दारातूनच म्हणे, "तेवढी थोरली काढू नका." हळूहळू मिस्त्री धाकटीवरच भागवू लागले. हो म्हणणारीचं बरं असतं, ती सगळ्यांना चालते.

पुढे धाकटी कोणी उसनी नेली, ती परतली नाही. मिस्त्री गेले. दुकान मोडलं.

मग एका दसऱ्याला उत्तमराव आले. काठी टेकत, पाठीत वाकलेले. माणिकबाईला आपट्याचं सोनं दिलं आणि म्हणाले, "वयनी, थोरली हाय काय अजून?"

डबी उघडली. त्यांनी मला बराच वेळ पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी. आपट्याचं एक पान माझ्यावर ठेवलं आणि डबी मिटली.

त्यालाही आता वर्षं झाली. माणिकबाई नाही. ते पान वाळून चुरलं, आणि चुरा माझ्या बुडाला चिकटून बसला आहे. मानच आहे तो, मला कळतं. पण मित्रांनो, कधी ही डबी तुमच्या हाती आली, तर मला हात जोडू नका. आधी पुसा. मग विचारा. मी अजून खरंच सांगते.