चौथं प्रकरण कोणी फोडलं?

चोर घरातलाच आहे, हे नेवेनाने पहिल्या तासाभरातच ठरवून टाकलं. पुढचे दिवस गेले ते फक्त पुरावा जमवण्यात. आणि माणूस एकदा असा ठरवून बसला, की पुरावे आपल्या पायांनी चालत येतात.

झालं होतं असं. बेलग्रेडपासून लांबच्या सोंबोर गावातली नेवेना आणि रेल्या ही दोघं गेलं दीडेक वर्ष एक गेम बनवत होती. दोघांचा पहिलाच, आणि तोही मोठ्या माणसांसाठीचा, ज्याच्या पानावर शिरण्याआधी वय विचारतात तसला. काता नावाची चाळिशीतली विधवा आपल्या शेतावरच्या घरातल्या खोल्या भाड्याने देते. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाची ओसरीवरूनच बोळवण करायची, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. गोष्ट आणि संवाद नेवेनाचे, चित्रं रेल्याची, आणि कोड दोघांनी मिळून शिव्या देत लिहिलेला. पहिली दोन प्रकरणं फुकट दाखवायची, तिसऱ्यात जीव टांगणीला लावायचा, आणि चौथ्यात काता अखेर दार लावून घेते. लोक पैसे मोजणार ते त्या चौथ्यासाठी. ते चौथं प्रकरण अजून अर्धंकच्चं होतं, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका चोरट्या साइटवर ते सगळ्या जगाला फुकटात दिसत होतं.

बिनकुलपाचा पूर्ण गेम होता दोनच कॉम्प्युटरांवर. एक नेवेनाचा, एक रेल्याचा. नेवेनाने काही फोडलं नव्हतं. मग उरलं कोण? एवढा हिशोब करायला काही गुप्तहेर लागत नाही, असं तिला वाटलं.

खरं तर प्रचाराची सगळी उठाठेव तिच्याकडे होती. असल्या गेमचा प्रचार म्हणजे तोंडाला फडकं बांधून भाजी विकण्यातला प्रकार. जाहिरात कोणी घेत नाही, ओळखीच्यांना सांगता येत नाही, आईला तर ती अजून भाषांतरं करते असंच माहीत होतं. प्रत्येक चित्राच्या दोन आवृत्त्या काढाव्या लागत, एक गेममधली आणि एक लोकांना दाखवायची, जिच्यात कातावर गळ्यापर्यंत गोधडी. रेल्या म्हणायचा की आता कातापेक्षा तो त्या गोधडीलाच जास्त ओळखतो. दर शुक्रवारी नेवेना एक गोधडीवालं चित्र टाकायची. आणि गेम खेळून दाखवणारे जे लोक असतात, ज्यांच्या चॅनलवर हजारो रिकामटेकडे जमतात, त्यांना ती चाव्या पाठवायची. चावी म्हणजे अक्षरांची एक ओळ. नेवेना गेमची नवी प्रत ऑनलाइन दुकानाच्या पेटीत ठेवायची, आणि चावी दुकानाच्या साइटवर टाकली की तो उघडायचा. ज्याने मागितली त्याला तिने चावी दिली. पहिलाच गेम, कोणी विचारतंय याचंच अप्रूप. तशीही त्यातून पहिली दोनच प्रकरणं उघडणार होती.

चौथं प्रकरण फुटल्याचं तिने सांगितलं तेव्हा रेल्या तिच्या स्वयंपाकघरात बसून टोमॅटो खात होता. त्याने साइट पाहिली, खांदे उडवले आणि म्हणाला, "चोरांनी उचलला म्हणजे उचलण्याजोगा झालाय. आता पाचव्याचं बघू."

नेवेनाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. ज्याचं घर लुटलं गेलंय तो असा टोमॅटो खात बसतो का?

मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. रेल्या पोटासाठी बेलग्रेडच्या एका प्रकाशकाकडे पहिलीदुसरीच्या पुस्तकांतली चित्रं काढायचा. सकाळी ससे, दुपारी काता. हल्ली मात्र ससे कमी झाले होते आणि फोन वाढले होते. फोन आला की तो अंगणात जायचा. एका मंगळवारी दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणाला, आणि त्याच दुपारी नेवेनाने त्याला मोठ्या रस्त्यावरच्या कॅफेत पाहिलं, एका टकल्या माणसासमोर. टकल्याकडे चामड्याची बॅग होती. रेल्या हात हलवून काहीतरी समजावत होता आणि टकल्या मान हलवत कॉफी ढवळत होता. झाडाआडून बघताना नेवेनाला स्वतःची लाज वाटली, पण तिथून पाय निघाला नाही.

रेल्या गेला तर गेम गेला, हे तर उघडच होतं. त्याच्यासारखी काता दुसरं कोणी काढू शकलं नसतं. पण नेवेनाला त्याहून मोठी भीती वेगळीच होती. नोकरी सोडली, नवरा सोडून गेला, मैत्रिणी नोव्ही सादला आणि जर्मनीला पांगल्या, तेव्हा गावात तिचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं. तेच जर पाठीमागून गळा कापत असेल, तर आधी कळलेलं बरं. असं तिने स्वतःला समजावलं आणि सापळा लावला.

सापळा तिच्या मते फार हुशारीचा होता. चौथ्या प्रकरणात काताच्या कोठीचं एक चित्र होतं, फळीवर अय्वारच्या, म्हणजे भोपळी मिरचीच्या चटणीच्या, लालभडक पाच बरण्या. गेमची नवी प्रत रेल्याला देताना तिने त्यातली शेवटची बरणी पुसून टाकली, मागच्या भिंतीचा रंग तिथे सारवला. तिच्या प्रतीत पाच, त्याच्या प्रतीत चार. आता चोरट्या साइटवर नवी प्रत आली की बरण्या मोजायच्या. बस्स.

तेवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण संशय पोटात राहत नाही. दोनतीन दिवसांनी रेल्या आला, खुर्ची ओढून बसला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "काय रे, तुझा दाताचा डॉक्टर टकला आहे का?"

रेल्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, लाजूनही नाही. अनोळखी घराच्या दारावरची पाटी वाचावी तसा तो तिचा चेहरा वाचत राहिला.

"कोठीचं चित्र बघितलं मी," एवढंच तो म्हणाला.

"मग? काही चुकलंय त्यात?"

"तू सांग."

नेवेना म्हणाली, तिला तर काही दिसलं नाही. तो उठला, खुर्ची जागेवर सरकवली आणि गेला. त्यानंतर तो आला नाही. चित्रं मात्र वेळेवर येत राहिली, आधीपेक्षाही वेळेवर, सोबत दोन शब्द, तेही बँकेच्या पत्रातल्यासारखे. नेवेनाने त्याचाही अर्थ लावला. पकडला गेला म्हणून तोंड चुकवतोय.

नोव्हेंबर लागता लागता चोरट्या साइटवर नवी प्रत आली. नेवेनाने कोठीचं चित्र उघडलं आणि बरण्या मोजल्या. पाच.

शहाण्या माणसाने इथे कपाळावर हात मारून घेतला असता. नेवेनाने नाही मारला. तिला वाटलं, बघा किती पोहोचलेला आहे! सापळा ओळखला, बरणी पुन्हा रंगवली आणि मग विकली. आपली चूक निघण्यापेक्षा रेल्या लबाड निघालेला तिला सोयीचा होता, इतकी ती त्या संशयात मुरली होती.

तिचे डोळे उघडले ते एका रविवारी दुपारी. नीश शहरातली एक मुलगी, मोठी गोड आणि बडबडी, चॅनलवर त्यांचा गेम थेट खेळून दाखवणार होती. नेवेनाने कॉफी करून घेतली आणि बघायला बसली. मुलगी हसत होती, काताच्या संवादांना दाद देत होती, लोक खाली बदामांचा पाऊस पाडत होते. नेवेनाला भरून आलं. दुसरं प्रकरण संपत आलं. आता पडदा पडणार, 'पुढचं विकत घ्या' अशी पाटी येणार.

पाटी आली नाही. तिसरं प्रकरण सुरू झालं. नेवेना कप हातात धरून तशीच बसली. तिसरं संपलं, चौथं लागलं, काताने दार लावून घेतलं. मुलीने घाईघाईने पडद्यावर मांजराचं चित्र ओढलं आणि म्हणाली, "हे इथे दाखवता यायचं नाही, पण गेम बनवणाऱ्यांचे आभार बरं का. नुसती चावी मागितली तर यांनी अख्खं घर उघडून दिलं."

दोन प्रकरणांचं कुलूप नेवेनाने लावलं होतं ते फक्त साइटवरच्या फुकट डेमोला. चाव्यांना नाही. पेटीत जे जे ती ठेवत होती, ते ते प्रत्येक चावी उघडत होती, नवी प्रत ठेवली की नवी, तिची स्वतःची, पाच बरण्यांची. आणि चाव्या तिने वाटल्या होत्या लग्नाच्या अक्षतांसारख्या, कोण खरा आणि कोण चोर हे न बघता. चौथं प्रकरण तिनेच फोडलं होतं, स्वतःच्या हाताने, वर 'खेळून बघा हं' असं लिहून.

तिने रेल्याला फोन केले. त्याने घेतले नाहीत. दारात गेली असती तर त्याने दार उघडलं असतं की नाही, कोण जाणे. पण त्याच आठवड्यात ज्युर्जित्स येत होता, आणि ज्युर्जित्स म्हणजे रेल्याच्या घरची स्लावा, त्यांच्या कुळाच्या संताचा दिवस. स्लावेला आमंत्रण नसतं. एकदा आलेला माणूस दरवर्षी येतो आणि त्या दिवशी कोणालाच दारातून परत लावत नाहीत, वैऱ्यालाही नाही. नेवेनाला हे ठाऊक होतं आणि ती त्याचाच फायदा घ्यायला निघाली. पण दुसरं करणार तरी काय?

दरवर्षी ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरायची, एप्रन बांधायची आणि रेल्याच्या आईबरोबर संध्याकाळपर्यंत कोबीच्या पानात खिमा गुंडाळून शिजवलेलं सार्मा वाढत, भांडी विसळत राबायची. याही वेळी ती मागूनच आली. रेल्याच्या आईने, रादोय्का मावशींनी, तिचे दोन्ही गाल धरून मुके घेतले, प्रसादाच्या उकडलेल्या गव्हाचा चमचा तोंडात घातला, आणि आधी का आली नाहीस म्हणून रागावल्या.

"पोरी, तुमच्यात काही बिनसलंय का गं?" त्या सूप ढवळत हळूच म्हणाल्या. "तो टकल्या संपादक खास बेलग्रेडहून समजूत घालायला आला होता, तरी यानं ऐकलं नाही. म्हणाला, ससे बास झाले, आता तुमचा तो खेळ स्वतःच्या नावानं काढणार. टोपणनाव नको, तिच्या नावाशेजारी माझं नाव पाहिजे. तुला चकित करायचं म्हणून मलाही दम दिला होता, बोलू नकोस म्हणून. आणि परवा जाऊन पुन्हा ससे मागून आणलेन."

शाळेच्या पुस्तकांचा प्रकाशक काताशेजारी रेल्याचं नाव एक दिवसही खपवून घेणार नव्हता. म्हणजे ते काम, तो पगार, सगळं त्याने सोडलं होतं, आणि नेवेना झाडाआडून बघत होती.

तेवढ्यात रेल्या रिकामं भांडं घेऊन आत आला. यजमान त्या दिवशी बसत नाही, उभ्यानेच वाढतो. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मावशी बशी घेऊन बाहेर गेल्या आणि नेवेना भडाभडा बोलून मोकळी झाली: चाव्या, नीशची मुलगी, कुलूप, सगळं. चूक माझीच होती, असंही म्हणाली. रेल्याने रिकामं भांडं ओट्यावर ठेवलं.

"चाव्यांचं ठीक आहे, कोणीही चुकतं," तो म्हणाला. "पण ती आईची कोठी आहे, नेवेना. एकेक बरणी समोर ठेवून काढलीये मी. माझं चित्र मला ओळखू येणार नाही असं वाटलं तुला?"

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो की. तू म्हणालीस, तुला काही दिसलं नाही."

मग काहीतरी करायचं म्हणून तिने एप्रन घेतला, सार्माचं तापलेलं भांडं फडक्याने धरून उचललं आणि बाहेर न्यायला वळली. रेल्याने ते तिच्या हातातून काढून घेतलं. ओढून नाही, अगदी हळूच.

"राहू दे," तो म्हणाला. "पाहुण्यांनी उठायचं नसतं."

त्याने तिला पुढच्या खोलीत नेलं, आपल्या काकांच्या आणि गावच्या डॉक्टरांच्या मधे खुर्ची ओढून दिली, स्वच्छ रुमाल ठेवला, पेल्यात वाइन ओतली. सूप वाढलं, सार्मा वाढलं, भाजलेल्या डुकराचा चांगला तुकडा निवडून ताटात ठेवला. काही कमी नाही ना, म्हणून दोनदा विचारून गेला. काकांनी तिला विचारलं की ती कोणाकडून नात्यात लागते. नेवेना म्हणाली, ओळखीची आहे.

तिने ताटातलं सगळं संपवलं. निघताना रेल्या तिला फाटकापर्यंत सोडायला आला, आल्याबद्दल आभार मानले, आणि आत जाऊन पुढच्या पाहुण्याचा कोट घेऊन बाहेर आला.