सहा जण बसल्याशिवाय

मी एक जुने गोल टेबल आहे. हो, तेच. तुमच्या चित्रकलेच्या वर्गात खिडकीखाली उभे असलेले, ज्याच्यावर तुम्ही रंगाच्या बाटल्या, ओले ब्रश आणि बाई वर्गात नसल्या की स्वतःचे बूडही टेकवता ते. परवा तुमच्यातल्या एका शहाण्याने कर्कटकाने माझ्या अंगावर स्वतःचे नाव कोरले आणि वर विचारले, "हे भंगार कशाला ठेवलंय इथे?" मित्रांनो, मला राग आला नाही असे मी म्हणणार नाही. चांगला आला. पण टेबलाने रागावून करायचे काय? म्हणून म्हटले, निदान आपण कोण होतो ते तरी सांगावे.

माझा जन्म बंदराजवळच्या एका सुतारशाळेत झाला. मला घडवणारा मिस्त्री नाकावर राग घेऊन फिरणारा माणूस होता, पण हातात कसब होते. मी अजून रंधा मारून कच्चेच उभे होते, तेव्हा त्याने आपल्या पाच सोबत्यांना बोलावले आणि स्वतःसकट सहा जण माझ्याभोवती बसवले. "कोपराला कोपर लागता कामा नये आणि मीठ मागायला ओरडावंही लागू नये," असा त्याचा हिशोब. त्या पाचांत एक चांगला गरगरीत होता. त्याच्यापायी माझा घेर चार बोटे वाढला. मला त्याचे वाईट वाटत नाही. जाड माणसांनाही जेवावे लागतेच.

मग मला एका मोठ्या जहाजावर नेले. हौसेने समुद्र बघायला निघालेल्या माणसांचे ते जहाज होते. जेवणाच्या हॉलमध्ये, गोल खिडकीजवळ, माझा लोखंडी पाय बोल्ट घालून जमिनीत पक्का केला. समुद्र खवळला की माझ्यावरचे कापड पाणी शिंपडून ओले करायचे, म्हणजे बश्या घसरत नसत. लोकांच्या पोटात ढवळायचे, काही जण जेवण सोडून पळायचे. मी मात्र जागचे हलले नाही.

त्या काळी जहाजावर जेवणाची एकच रीत होती. संध्याकाळी दोन पंगती, एक उजेडाची आणि एक दिवे लागल्यानंतरची. तुमची पंगत ठरली, टेबल ठरले, खुर्ची ठरली, की प्रवास संपेपर्यंत त्यात बदल नाही. वाढणाराही तोच. माझ्याकडे वाढायला लंबू होता. खरे नाव कुणी विचारले नाही, उंचीवरून पडलेले नाव त्याने हसून घेतले. स्वयंपाकघराचा नियमही ठरलेला. गोल टेबलाचे सूप एकाच ट्रेमधून यायचे, सहा वाट्या एकदम. पाच जण येऊन बसले आणि एक राहिला, तर लंबू ट्रे उचलायचाच नाही. पोटात कावळे कोकलत असले तरी सगळ्यांनी थांबायचे. पहिल्या दिवशी माणसे त्यावर कुरकुरायची. दोन-तीन दिवसांत मात्र राहिलेल्या माणसाची चौकशी सुरू व्हायची. बरे नाही का? वाट चुकला का? कुणीतरी बघून या. माझे कौतुकही खूप झाले. लोक उतरताना माझ्यावरून हात फिरवून जायचे.

पुढे जहाजाच्या मालकांनी नवी सोय काढली. जहाजावर पाऊल टाकले की प्रवाशाला विचारायचे, ठरलेली वेळ हवी की हवे तेव्हा जेवणार? हवे तेव्हा म्हणजे वाटेल त्या वेळी या, मिळेल त्या टेबलावर बसा, खा आणि जा. खोटे कशाला बोलू, काहींची खरोखर सोय झाली. लहान मुलांच्या आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नवी लग्ने झालेली जोडपी तर आमच्या पंगतीकडे पाठ फिरवूनच बसली. मला ते रुचले नाही, पण टेबलाला कोण विचारतो?

अशाच एका फेरीला एक वयस्क बाई आली; लंबू तिला मावशी म्हणायचा, म्हणून मीही म्हणते. मुलगा आणि सून तिला समुद्र दाखवायला घेऊन आले होते. मुलाला 'हवे तेव्हा'च पाहिजे होते, पण तिथली जागा भरली होती, म्हणून तिघे माझ्याकडे आले. बाकीच्या तीन खुर्च्यांवर दातांचे एक निवृत्त डॉक्टर आणि दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या. बहिणी खिडकीच्या बाजूवरून रोज भांडायच्या आणि रोज धाकटीच जिंकायची.

मुलगा बसल्या बसल्या म्हणाला, "ठरल्या वेळेला जेवायचं म्हणजे वसतिगृहच झालं की हे."

मावशी भराभरा जेवली, इतरांचे निम्मेही झाले नव्हते तेव्हा तिची बशी रिकामी होती. मग ती उठली आणि सगळ्यांच्या बश्या गोळा करायला लागली. डॉक्टरांच्या बशीत तर अजून मासा होता.

लंबू धावत आला. "मावशी, बसा तुम्ही. माझं काम काढून घेता होय?"

सगळे हसले. मावशीही हसली, पण बसल्यावरही तिचे हात बश्यांकडे वळवळत होते. माझ्यावर टेकलेले हात मला बरोबर कळतात.

दुसऱ्या दिवशी तिला उशीर झाला. केबिनमधून ती एकटीच निघाली होती, आणि जहाजातल्या बोळांत सगळी दारे एकसारखी. ती धापा टाकत आली तेव्हा पाचही जण रिकाम्या टेबलाशी बसलेले होते.

"अगंबाई, तुम्ही सुरू का नाही केलं?" ती म्हणाली.

"सुरू कसं करणार?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आल्याशिवाय आमचा ट्रेच निघत नाही. तुमच्या राज्यात आम्ही उपाशी!"

"माझ्यासाठी थांबलात?"

"मग काय त्या दिव्याच्या खांबासाठी?" धाकटी बहीण फटकन बोलली. "बसा आता. भूक लागलीय."

मावशी बसली. तिने माझ्यावर तळहात टेकला. लंबूने सहा वाट्या मांडल्या. वाफ निघत होती. तिने चमचा उचलला, पुन्हा ठेवला, आणि कुणाला दिसू नये म्हणून खिडकीकडे बघत डोळे पुसले.

त्यानंतर मावशी रोज ठेवणीतले कपडे घालून वेळेआधीच यायची. हळूहळू बोलायलाही लागली. नवरा छापखान्यात पाळीवर कामाला होता. तो कधी पहाटे यायचा, कधी दुपारी. मुलांच्या शाळा वेगळ्या, शिकवण्या वेगळ्या. ज्याला जेव्हा पाहिजे तेव्हा ताट वाढायचे आणि सगळ्यांचे झाले की ओट्याशी उभ्यानेच चार घास पोटात ढकलायचे. "गरम जेवण मी वाढलंय पुष्कळ," ती एकदा म्हणाली, "जेवलेय कमी." तक्रार नव्हती हो तिची. गंमत म्हणून सांगत होती. पण धाकट्या बहिणीने त्या दिवशी न भांडता तिला खिडकीची खुर्ची दिली. मावशी सावकाश जेवायला शिकली. आपली बशी पुढ्यात तशीच ठेवून लंबूने उचलायची वाट बघायला शिकली. मित्रांनो, एवढ्याशा गोष्टीने माणूस किती उजळतो, ते मी अगदी जवळून बघितले.

आणि मग एका संध्याकाळी मुलगा आनंदाने आला. "आई, काम झालं! 'हवे तेव्हा'मध्ये जागा मिळाली. उद्यापासून कसलं बंधन नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या वेळा सांभाळल्यास, आता तुला वाटेल तेव्हा जेव."

सून सासूकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "आईंना विचारलंस का?"

"त्यात काय विचारायचं? तिच्यासाठीच तर केलं सगळं. मॅनेजरच्या किती मिनत्या केल्यात माहितीय?"

मावशीने माझ्यावरच्या कापडाची कड चिमटीत धरली होती. कड तशीच घट्ट धरून ती म्हणाली, "बरं केलंस बाळा."

मला ओरडावेसे वाटले. अरे, तिचा चेहरा बघ जरा! पण मला तोंड नाही. आणि ज्यांना होते ते चौघेही, डॉक्टर, दोघी बहिणी आणि लंबू, गप्प बसले. दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टीत आपण कशाला पडा, असे त्यांना वाटले असणार. भल्या माणसांना नेहमी असेच वाटते.

दुसऱ्या दिवसापासून ते तिघे खांबाजवळच्या छोट्या टेबलावर दिसू लागले. कधी लवकर, कधी उशिरा. मुलगा आणि सून जहाजावरचा नाचगाण्याचा खेळ बघायला जाणार असले, की मावशी एकटी. ती पुन्हा भराभरा जेवू लागली. जेवण झाले की बश्या एकावर एक रचून ठेवायची. इकडे माझ्याकडे तिघेच उरले. तिघांसाठी एवढे मोठे टेबल अडवता येणार नाही, असे मुख्य वेटर म्हणाला आणि त्यांनाही 'हवे तेव्हा'त ढकलले. मीही त्यातच गेले. आता माझ्याभोवती कुणीही बसायचे आणि कुणीही उठायचे. एकाचे सूप चालू असताना शेजारच्याचे आइस्क्रीम संपत असायचे.

प्रवासाच्या शेवटच्या संध्याकाळी मावशी आली. तीच जुनी वेळ, तेच ठेवणीतले कपडे. दाराशी मुख्य वेटरने विचारले, "किती जण?"

"सहा," मावशी म्हणाली.

लंबूने तिला माझ्याकडे आणून बसवले आणि सहा जागा मांडल्या. मावशी त्याला आनंदाने सांगत होती, "सकाळी डेकवर भेटले होते सगळे. मीच म्हटलं, शेवटचं जेवण एकत्र करू या, आपल्या वेळेला. येतो म्हणालेत. मुलगा-सूनही येतील, खेळ संपला की."

ती बसून राहिली. पावाचा तुकडासुद्धा तिने मोडला नाही. शेजारची टेबले भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली. लंबू दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा ती म्हणाली, "थांबू या जरा. येतीलच."

डॉक्टर आले, पण हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून, ओळखीच्या दोघांबरोबर, दात कोरत. मावशीला बघून ते थबकले. "अरे! तुम्ही अजून जेवायच्या आहात? आमचं मघाशीच उरकलं. सकाळचं ठरलेलं डोक्यातूनच गेलं बघा. आता हवं तेव्हा आहे ना, म्हटलं तुमचंही झालं असेल."

"हो, हो, मी सहज बसलेय," मावशी म्हणाली.

"त्या दोघी तर केव्हाच जेवून खोलीत गेल्या, सामान बांधायला. तुम्हाला नमस्कार सांगितलाय." ते क्षणभर खुर्चीच्या पाठीला हात लावून उभे राहिले. बसावे की काय, असे त्यांना वाटले असावे. मग म्हणाले, "बरंय, भेटू सकाळी उतरताना," आणि गेले. मी त्यांना दोष देत नाही. सहा जणांची एक वेळ असती तर ते आले असते. त्या दिवशी कुणाचीच वेळ कुणाशी बांधलेली नव्हती.

शेवटी लंबू ट्रे घेऊन आला. ट्रेमध्ये सहा वाट्या होत्या. त्याने त्या सहाही जागी ठेवल्या, जणू सगळे बसलेत. मावशी त्या वाफांकडे बघत राहिली. माझ्यावर पाणी पडले, एक थेंब, मग आणखी. सूप सांडलेले मला कळते. हे सूप नव्हते.

तेवढ्यात मुलगा आणि सून आले. "आई, हे काय? अजून जेवली नाहीस? आणि एवढ्या वाट्या कुणाच्या?"

मावशीने हातातला नॅपकिन डोळ्यांना लावला आणि लगेच हसली. "कुणाच्या नाहीत रे. चुकून आल्यात. तुला भूक लागली असेल ना? घे, गरम आहे तोवर."

तिने वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"तू घे ना आधी."

"तू सुरू कर. मला सवय आहे."

आणि तो जेवायला लागला, मित्रांनो. वाईट मुलगा नव्हता तो. आईला समुद्र दाखवायला घेऊन आला होता, तिच्यासाठी चार माणसांपुढे हात जोडले होते. भूक लागली होती, जेवला. सुनेने मात्र चमचा खाली ठेवला. ती सासूच्या शेजारी सरकून बसली. दोघींचे सूप गार झाले. जेवण उरकल्यावर मावशीने बश्या गोळा केल्या. लंबू जवळच उभा होता. त्याने तिला अडवले नाही, तिच्या हातून एकेक बशी घेत राहिला.

सकाळी ते उतरले. मावशी पुन्हा कधी आली नाही.

पुढे काही वर्षांनी ठरलेल्या वेळेची पंगत जहाजावरून साफ बंद झाली. गोल टेबले नकोत, दोघांची चौकोनी हवीत, असे ठरले. माझे बोल्ट काढताना दोन कामगारांना घाम फुटला आणि मला त्याचा थोडा आनंद झाला. गोदामात मी पुष्कळ काळ भिंतीला टेकून उभे होते. अंगावर धूळ, पाठीवर बुरशी. मग तुमच्या मुख्याध्यापिका जुने सामान बघायला आल्या, आणि तिथून मी तुमच्याकडे. रंगांचे डाग पडतात, पडू देत. नावे कोरू नका एवढे मात्र सांगते, दुखते.

माझे हे गाऱ्हाणे विसरलात तरी चालेल. एक गोष्ट मात्र कराच. आज घरी गेल्यावर बघा, सगळ्यांना वाढून कोण शेवटी जेवते. आई असेल, आजी असेल, एखाद्या घरी बाबाही असतील. त्यांची खुर्ची ओढून ठेवा, त्यांची वाटी भरा, आणि ते बसेपर्यंत घास उचलू नका. ते म्हणतील, तुम्ही सुरू करा, मला सवय आहे. मित्रांनो, मोठ्यांचे सगळे ऐका. तेवढे एक ऐकू नका.