तिसऱ्या रिळातला मुका नावाडी

रीळ पहिलं.

मेंढरं हाकून हाकून होटगीच्या येडूचा आवाज असा खणखणीत झाला होता, की सोलापुरातल्या तंबू-सिनेमाच्या मालकानं त्याला पडद्याशेजारी उभा केला आणि हातात पत्र्याचा कर्णा दिला. चित्रं मुकी, बोलायचं येडूनं.

आज संध्याकाळच्या खेळाला जपानी चित्र होतं. मधल्या जपानी अक्षरांच्या पाट्या कुणाच्या बापाला वाचता येईनात, म्हणून येडू ओठांकडं बघून मनचंच बोलत होता. नदीच्या अलीकडं नावाडी पोरगा, पलीकडं रेशीम काढणारी पोरगी. "आज उशीर केलास की गं!" नावाडी म्हणाला. तंबू खूश.

रीळ दुसरं.

पोरीचं लग्न लांबच्या गावी ठरलं.

येडू अडखळला. पुढच्या रांगेत बिरप्पामामा होता आणि दोरीपलीकडं बायकांत मामाची पोरगी चिमा. तिला मैंदर्गीचं स्थळ आलेलं. उद्या मामा होकार कळवणार. येडूचा जीव तिच्यावर लहानपणापासून. पण सगळ्यांचं बोलायचा, आपलं तेवढं राहायचं.

रीळ तिसरं.

पोरगी होडीत बसली. वल्हं नावाड्याच्याच हातात. तोच तिला सासरच्या वाटेला लावणार. ओठ मिटलेले. येडूही गप्प.

कट्कन—

 

पडदा पांढरा. फिल्म तुटली.

"आरं, पर त्यो बोलंना का?" बिरप्पामामा ओरडला. "मूग गिळलं का काय? भाच्या, बोलीव की त्याला!"

येडूनं पांढऱ्या पडद्याकडं बघितलं. तिथं कुणाचेच ओठ नव्हते. कर्णा तोंडाशीच होता.

"मामा, चिमाला मैंदर्गीला देऊ नगा. मला द्या."

सगळ्या माना दोरीपलीकडं वळल्या. मग बायकांतून चिमाचा आवाज आला.

"आबा, इचारलंय त्यानं. सांगा की कायतरी."

हशा फुटला. मामा लालेलाल.

"गाढवा, कर्ण्यातनं मागणं घालत्यात व्हय? आईला घिऊन ये घरी. रीतीनं!"

"कवा येऊ?"

"मी मैंदर्गीला निरोप धाडायच्या आत!"

फिल्म जोडली. होडी पलीकडं लागली. पोरगी एकदा वळली आणि गेली. नावाडी एकटाच माघारी फिरला. बायका पदरानं डोळे पुसू लागल्या.

"ह्यो बोललाच न्हाय, मंडळी," येडूनं सांगितलं, आणि कर्णा मालकाच्या हातात देऊन आईला आणायला होटगीच्या गाडीकडं पळाला.