सहाशे एकोणीस

“थांबलेला आकडा खोटा असतो. लिहून ठेव कुठेतरी,” बाबा म्हणाले होते. मी बाळाला खांद्यावर थोपटत म्हटलं, “पुरे हं बाबा. दादा एवढा राबतोय आणि तुम्ही खोट काढताय.”

दादा, माझा थोरला भाऊ, तेव्हा बाबांच्या खुर्चीखाली पालथा पडला होता. उशीखाली नाण्याएवढा दाबाचा सेन्सर, त्याची तार काडेपेटीएवढ्या बोर्डाला, आणि बोर्डातून यूएसबीची केबल टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपला. दर सेकंदाला एक आकडा यायचा आणि तोच आम्हा दोघांच्या फोनवर दिसायचा. खुर्ची रिकामी असली की दहा-बारा. बाबा बसले की ६१८, ६२१, ६१७.

“म्हणजे काय, माझं वजन?”

“वजन नाही हो. तुम्ही आहात की नाही, एवढंच.”

“मी आहे की नाही ते मला विचारा की लेको!”

बाबांनी एकतीस वर्षं कारखान्यातली दाबमापकं सांभाळली. काचेवर टिचकी मारल्याशिवाय एकही आकडा वहीत उतरवला नाही. काटा अडकलेला असला तर टिचकीने सुटतो. चालू असला तर थरथरतो. तिथे त्यांना टिचकीमास्तर म्हणत, थोडं कौतुकाने, बरंचसं चिडवायला. त्या दिवशी त्यांनी लॅपटॉपच्या पडद्यावरही टिचकी मारली.

“ही केबल सुटली तर हा काय दाखवेल?”

“शेवटचा आलेला आकडा.”

“मग मी मेलो तरी हा म्हणणार, बसलाय! तिथे रेघ दाखव, शून्य दाखव, काहीही दाखव.”

“करतो बाबा. पुढच्या रविवारी.”

तो रविवार आलाच नाही. मीही आठवण केली नाही. बाबा एकटेच राहायचे. आधी मी रोज सकाळी बाळाला घेऊन त्यांच्याकडे जायचे. पंधरा मिनिटांची चाल, आणि फोनवर त्यांना धड ऐकू यायचं नाही. मग आकडा बघू लागले. आकडा दिसला की जाणं टळायचं. हे लिहिताना माझाच मला संताप येतो, पण लिहिते.

त्या मंगळवारी बाळाला ताप होता. आठ वाजता बघितलं, ६१९. दहाला ६१९. दुपारी औषध पाजता पाजता नवऱ्याला म्हटलंसुद्धा, “आज बाबा शहाण्यासारखे बसलेत.” बाळाला मी तासातासाला थर्मामीटर लावून बघत होते, एका आकड्यावर विश्वास नव्हता माझा. आणि बाबांचा?

पाचला परत ६१९. हातातला चमचा तसाच राहिला. माणूस श्वास घेतो, पेपर उलटतो, खाजवतो. नऊ तास एकच आकडा?

बाळाला उचललं आणि पळाले.

माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. केबल जमिनीवर पडली होती. उठताना बाबांच्या पायात आली असावी. उशीवरून पुरते उठायच्या आतच सुटलेली. पडद्यावर ६१९ तसाच. बाबा न्हाणीघरात फरशीवर होते, डोळे उघडे. माझ्याकडे नाही, बाळाकडे बघितलं त्यांनी.

बाबांना दवाखान्यात नेताना खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई जिन्यात भेटल्या. “अगं बाई! सकाळपासून पाइपावर ठकठक चालली होती. आम्हाला वाटलं, नळाचं काम काढलंय. दुपारी थांबली तेव्हा म्हटलं, झालं वाटतं काम.”

दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा भिंतीला टेकून म्हणाला, “सेन्सर ठीकच होता गं. केबल सुटली, नाहीतर...”

“नाहीतर काय? त्यांनी सांगितलं नव्हतं? तोंडावर सांगितलं होतं! कुठे गेला तुझा रविवार?”

“आणि तू? दिवसभर बघत होतीस ना फोन?”

खरं होतं ते. म्हणूनच मी आणखी ओरडले. नर्सने येऊन आम्हाला बाहेर काढलं, दोन मोठ्या माणसांना, शाळेतल्या पोरांसारखं.

चौथ्या दिवशी बाबा गेले. शेवटचा त्यांचा हात हातात घेतला तेव्हा दिसलं, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर सोलून निघालं होतं.

लॅपटॉप दादाने नेला. त्यात आता रेघ दाखवायची सोय केलीय म्हणे. मी बघितली नाही.

तुमच्याही फोनवर कुणीतरी असेल. एखादा आकडा, एखादा हिरवा ठिपका, नाहीतर रोज सकाळी येणारं तेच फुलांचं चित्र. ते दिसलं म्हणून निश्चिंत बसला असाल, तर उठा. रविवारी नको, आज. जाऊन त्यांचं दार वाजवा, आणि आतून कुणी ओ देईपर्यंत वाजवत राहा.