टीव्हीमागचा कोपरा

आमच्या महेशदादाने शहाण्णव साली तो व्हिडिओ गेम जिंकला, हे अख्ख्या पंचवटीला माहीत आहे. कारण त्यानेच सांगितलंय. पुण्यात नोकरी लागली तेव्हा सांगितलं, लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या बायकोला सांगितलं. शेवटच्या किल्ल्यातला राक्षस मारला म्हणे, राजकन्या सोडवली. बाई गं, केवढा तो पराक्रम.

मी त्या पराक्रमाला हजर होते, पण टीव्हीच्या मागे. भिंतीवरचा बोर्ड तिथे होता आणि गेमचा अडॅप्टर त्यात सैल बसायचा. कुणीतरी तो दाबून धरल्याशिवाय गेम चालायचाच नाही. कुणीतरी म्हणजे मी. वायरमनला बोलवा म्हटलं, तर आई म्हणायची, "तू आहेस की घरात." सगळी सुट्टी मी त्या कोपऱ्यात कोळिष्टकांत बसून काढली. गेममधला तो बुटका उड्या मारत पळतो, हे मला फक्त आवाजावरून ठाऊक. माझा नंबर कधी, असं विचारलं की दादा म्हणायचा, "एवढा किल्ला होऊ दे." बुटका मेल्यावर वाजणारी रडकी धून मात्र मला तोंडपाठ झाली होती.

पुढे लग्न होऊन मी इगतपुरीला गेले. दोन हजार आठच्या भाऊबीजेला माहेरी आले, तर आईने माळ्यावरची अडगळ खाली काढलेली, आणि त्यात तो गेम. पाटावर बसलेल्या दादाला मी ओवाळलं. त्याने साडीची पिशवी पुढे केली. दरवर्षीसारखी आईनेच निवडलेली.

"साडी राहू दे," मी म्हटलं. "ओवाळणीत मला माझा नंबर पाहिजे. मी खेळणार, तू अडॅप्टर धरायचा."

वहिनी फिसकन हसली. ओवाळणीत मागितलेलं नाही कसं म्हणणार? दादा पोट आत ओढत, कुरकुरत टीव्हीमागे शिरला. "तृपे, किती धूळ आहे गं इथे," आतून आवाज आला. वा रे वा, आज कळलं का.

सुरुवातीला मी धडाधड मेले. दादा मागून शिकवायला लागला, "उडी मार, उडी." त्याला तिथून काय दिसत होतं, कप्पाळ. मग मी आठवणीतल्या आवाजांवर भरवसा ठेवला. दोन बारक्या उड्या, जरा दम, मग एक लांब. गाडी सरकायला लागली. वहिनी पदर खोचून शेजारी येऊन बसली.

किल्ले पार होत गेले. मग एका किल्ल्यात शिरले आणि तिथलं संगीत ऐकून थबकले. असं घोगरं, ठणठणतं मी कधीच ऐकलं नव्हतं.

"दादा, ही धून कुठली रे?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू?"

म्हणजे हा गडी इथवर कधी आलाच नव्हता. माझ्याशिवाय गेम चालत नव्हता, आणि मी तर सगळं ऐकलं होतं. हसावं की दोन धपाटे घालावेत, कळेना. पण खरं सांगते, रागापेक्षा आनंदच जास्त झाला. आमच्या घरात कुणीच न पाहिलेलं मी बघत होते. पूल आला, पुलावर राक्षस, त्याच्यामागे दार. राक्षसाच्या डोक्यावरून उडी मारून मी पलीकडे गेले. आता दार तेवढं उघडायचं होतं.

"महेश, पानं वाढलीत रे," आईने स्वयंपाकघरातून हाक मारली.

पडदा काळा झाला.

दादा हात झटकत बाहेर आला. "चला, बासुंदी आहे."

मी रिमोट धरून तशीच बसले. "एक मिनिट धरवला नाही तुला?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी घोडी झाले आणि गेमसाठी रडते, म्हणा काय म्हणायचं ते.

आई पदराला हात पुसत आली. टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मग तूच नाही का धरायचा," ती म्हणाली. "त्याला कुठे सवय आहे?"