त्याला हाका मारू नका

चहाचा थर्मास लॉजच्या टेबलावर ठेवून यांगजी वळली, तोच खिडकीशी बसलेल्या पोरगेल्या गोऱ्याने सॅकमधून ते पुस्तक काढलं. आता काय होणार ते तिला पाठ होतं. तो मधलं पान उघडणार, फोटोवर बोट ठेवणार, मान तिरकी करून तिच्याकडे बघणार आणि तिच्या नवऱ्याचं नाव घेणार. मोठ्याने, स्पष्ट, दोनदा तरी. झालंही तसंच.

"हो," यांगजी म्हणाली. "बटाटे देऊ का उकडलेले?"

यांगजीच्या गावात, पांगबोचेत, वारलेल्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. घेतलं की तो मागे वळून बघतो, आणि मागे बघत राहणाऱ्याला पुढचा जन्म कुठून मिळणार? सात आठवडे लामा पोथी वाचून त्याला वाट दाखवतात आणि शेवटी त्याचं नाव लिहिलेला कागद दिव्यावर धरून जाळतात. नाव संपलं. मग कपडे वाटून टाकायचे, फोटो घरात ठेवायचा नाही, आणि रडू आलं तर नाव न घेता रडायचं. यांगजीने हे सगळं रीतसर केलं होतं, मांडीवर दीड वर्षांची पोर घेऊन. म्हणून ते नाव या गोष्टीतही येणार नाही. ज्यांना हवंच आहे त्यांनी पुस्तक घ्यावं, तिथे पानोपानी आहे.

पुस्तक लिहिलं टॅरंट नावाच्या साहेबाने. चोमोलुंग्मा, जिला खालचे लोक एव्हरेस्ट म्हणतात, तिच्यावर वादळ आलं, यांगजीच्या नवऱ्याने आपला ऑक्सिजन या टॅरंटला दिला, त्याला खाली धाडलं आणि स्वतः वरच राहिला. साहेब दोन बोटं गमावून घरी पोचला आणि लिहायला बसला. त्यात नवल काही नाही. त्या डोंगरावर चढणाऱ्यांपेक्षा त्याच्यावर लिहिणारेच जास्त झालेत. काहींची तर निम्मी पुस्तकं चढायच्या आधीच तयार असावीत. त्या पुस्तकांतला शेर्पा ओझं उचलतो, चहा करतो आणि मरतो, एवढ्यावर त्याचं काम भागतं. टॅरंटचं पुस्तक मात्र वेगळं निघालं. त्याने शेर्पावरच लिहिलं, मनापासून लिहिलं, आणि ते उदंड खपलं. तिथूनच यांगजीच्या मागे साडेसाती लागली.

पहिल्यांदा एका बाईने ते पुस्तक उघडून नाव घेतलं, तेव्हा यांगजीच्या हातातली कढई पडली होती. फोटोत तो तिच्याकडेच बघत होता. त्या रात्री तिने विचार केला, आणि तो तिच्या परीने अगदी सरळ होता. दारावरच्या पताकांवर मंत्र छापलेला असतो. वारा आला की पताका फडफडते आणि मंत्र आपोआप म्हटला जातो, कुणी तोंड उघडावं लागत नाही. मणीचक्र फिरवलं तरी तेच. मग छापलेलं नाव वेगळं कसं असेल? ते पुस्तक जगात जिथे जिथे उघडतं तिथे तिथे त्याला हाक जाते. तो बिचारा दर हाकेला वळत असणार, आणि अजून तिथेच बर्फात उभा असणार.

सकाळी तिने त्या बाईला थुक्पा वाढला, पैसे घेतले नाहीत आणि खुणेनेच पुस्तक मागून घेतलं. एक तोंड बंद झालं, असं तिला वाटलं. पुढच्या माणसाकडूनही घेतलं, त्याच्या पुढच्याकडूनही. अक्षर असलेला कागद चुलीत घालायचा नाही, त्यावर पाय द्यायचा नाही, तो फेकायचा नाही, ही तर लहानपणापासूनची शिकवण. म्हणून ती पुस्तकं घट्ट मिटून, फडक्यात बांधून, माळ्यावर बटाट्यांच्या पोत्यांमागे ठेवत गेली.

आणि इथेच ती फसली. वाटाड्यांनी खाली नामचेपर्यंत बातमी नेली की पांगबोचेतली यांगजी नवऱ्याची पुस्तकं जमवते, कुणी आणून दिलं तर फुकट जेवू घालते. झालं! नामचेच्या दुकानदाराने पुस्तकाचे गठ्ठेच्या गठ्ठे मागवले. लोक मुद्दाम विकत घेऊन येऊ लागले, दोन्ही हातांनी देऊ लागले आणि देताना हळव्या आवाजात नाव घेऊ लागले. जितकी तोंडं ती बंद करायला जाई, तितकी नवी उघडत.

शेजारची म्हातारी इबी पासी माळ्याकडे बघून म्हणायची, "तुझा माळा खाली आला की गावाला बटाटे आणि इंग्रजी एकदमच मिळेल बघ."

यांगजीला हसू यायचं नाही. ती दमली होती. भल्या पहाटे गोवऱ्या पेटवण्याने, पाहुण्यांची अंथरुणं काढण्यानेही माणूस दमतो, पण ते दमणं झोपेने जातं. हे जात नव्हतं.

त्या वसंतात खुमजुंगच्या शाळेला सुट्टी लागली आणि जांगमू घरी आली. मांडीवरची पोर आता आईच्या खांद्याच्या वर गेली होती, आणि शाळेत इंग्रजीत पहिली होती. आल्या दिवशीच यांगजीला तिच्या पिशवीत ते पुस्तक दिसलं.

"हे कुठून आणलंस?"

"विकत घेतलं. माझ्या पैशांनी."

"माळ्यावर ठेव. आत्ताच्या आत्ता."

"नाही ठेवणार."

"जांगमू, तू उघडतेस तेव्हा त्याला काय होतं, ठाऊक आहे तुला?"

"मला काय होतं ते ठाऊक आहे तुला?" जांगमूचा आवाज चढला. "आमा, जपानी माणसाला माझे बाबा माहीत आहेत. ब्राझीलच्या बाईला माहीत आहेत. परवा एक जर्मन म्हातारा मला त्यांच्याबद्दल सांगत होता, मला! आणि तू? तू एक अक्षर बोलत नाहीस. तू सोडून सगळे मला बाबांबद्दल सांगतात."

"आपल्यात बोलत नाहीत."

"नाव घेत नाहीत. बोलत नाहीत असं कुठे आहे?"

नाव टाळता टाळता तिने माणूसच टाळला होता, पण हे तिला त्या क्षणी कळलं नाही. तिला एवढंच कळलं की आता घरातच एक तोंड उघडलंय, आणि ते तिच्या पोटचं आहे. तिला सुटका हवी होती, नवऱ्याची आणि मग जमलं तर स्वतःची. पोरीला तो धरून ठेवायचा होता. दोघी दोन दिवस एकमेकींशी मोजकंच बोलल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी टॅरंट आला. तो आता म्हातारा झाला होता, वाऱ्याने सोललेलं तोंड, गुडघ्याला पट्टा. मागे एक हमाल, आणि हमालाच्या कपाळपट्ट्याला टांगलेल्या डोकोत, म्हणजे बांबूच्या टोपलीत, पितळी पाटी. त्याने यांगजीच्या गळ्यात खाता, मानाचा पांढरा शेला, घातला, दोन्ही हात धरले आणि पाटीवरचं कापड काढलं. पाटीवर काय कोरलंय ते यांगजीला वाचता येत नव्हतं. पण त्या अक्षरांचा आकार तिने इतक्या वेळा पाहिला होता की वाचायची गरज नव्हती.

"म्हणतात की इथे बाबांच्या नावाचं वाचनालय करायचं," जांगमू सांगू लागली. "माळ्यावरची सगळी पुस्तकं खाली, कपाटात. दारावर ही पाटी. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण वाचेल."

दारावर! पताकांच्या शेजारी, वाऱ्यात! यांगजी बाकावर बसलीच.

"त्यांना सांग, नको."

जांगमू पाटीवरची अक्षरं बोटाने चाचपत राहिली.

"सांग. तुला नसेल पटत तरी माझं म्हणून सांग. सांग की आमच्यात गेलेल्याला हाका मारत नाहीत. सांग की मी पुस्तकं जमवत नव्हते, मी ती बंद करत होते."

जांगमूचा चेहरा लाल झाला. खोटं सांगणं तिला सोपं होतं. समोरच्याला शेर्पा बोली येत नव्हती आणि आईला इंग्रजी. क्षणभर तिच्या मनात तसं आलंही. पण तिने आईकडे पाहिलं. आई बाकाची कड घट्ट धरून बसली होती. जांगमूने सांगितलं, जसंच्या तसं.

टॅरंट हळू आवाजात बोलला, आणि जांगमूने ते आईला सांगितलं.

"म्हणतात, मला वाटलं मी त्यांना जिवंत ठेवतोय."

"ठेवलं ना!" यांगजीला एकदम संताप आला, इतक्या वर्षांचा. "म्हणूनच तर तो थकलाय. बारा महिने तेरा काळ ज्याला त्याला ओ देत उभा आहे. जिवंत असताना तुमची ओझी वाहिली, आता नावही वाहायला लावता? जाऊ द्या की त्याला!"

जांगमूने हेही सांगितलं. सांगताना ती रडत होती.

"विचारतात, आधी का नाही सांगितलंस?"

"मला सगळे सांगायलाच आले. विचारायला कोण आलं?"

टॅरंटने पाटीवर पुन्हा कापड घातलं. त्याने वाद घातला नाही, माफीचं भाषण केलं नाही. तोही दमलेला दिसत होता. त्याने फक्त इतकंच विचारलं की मग या पुस्तकांचं काय करायचं.

त्याचं उत्तर गावच्या लामा थुप्तेनकडे होतं. भूकंपात तडकलेला गावचा स्तूप नव्याने बांधून होत आला होता, आणि त्याचं पोट अजून भरायचं होतं. स्तूपाच्या पोटात जीर्ण पोथ्या जातात, धान्य जातं, मातीच्या लहान मूर्ती जातात, आणि मग दगड बसवून ते बंद होतं.

"अक्षर ते अक्षर," लामा म्हणाले. "आत गेलं की कुणी उघडणार नाही, आणि न उघडलेलं हाक मारत नाही. आण सगळी." मग डोळे मिचकावून म्हणाले, "आपले देव जरा इंग्रजी शिकतील. वर चढणाऱ्या साहेबांचं परमिट तपासायला बरं."

दुसऱ्या दिवशी डोको भरभरून पुस्तकं निघाली. टॅरंटने स्वतः एक डोको कपाळपट्ट्याने उचलला आणि वीस पावलांत बसला. इबी पासी म्हणाली, "लिहिताना हलकी वाटली असतील." गाव हसलं, आणि त्याला कुणीतरी अर्थ सांगितल्यावर तोही हसला. पाटी पालथी करून सर्वांत तळाशी घातली. टॅरंटने आपली स्वतःची प्रत खिशातून काढली, दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि आत सोडली. धुपाच्या धुरात लामांनी पोथी म्हटली, आणि दगड बसला.

जगात त्या पुस्तकाच्या आणखी किती प्रती असतील ते यांगजीला माहीत होतं. नामचेचं दुकान काही स्तूपात घालता येत नाही. पण माळा रिकामा झाला होता, दारावर फक्त पताका होत्या, आणि टॅरंटने पुढे छापू नका असं कळवायचं कबूल केलं होतं. प्रकाशक ऐकेल का, हे त्यालाही नक्की सांगता येईना.

संध्याकाळी पाहुण्यांची जेवणं उरकून ती स्वयंपाकघरात आली, तर जांगमू चुलीपाशी बसली होती. मांडीवर तिची प्रत.

यांगजी तिच्यासमोर बसली. भांडायला अंगात त्राण नव्हतं.

"हे एक राहिलं," ती म्हणाली.

"हे नाही देणार."

"तू काल माझ्या बाजूने बोललीस ना? मग?"

"बोलले. कारण तुझं खरं होतं." जांगमूने पुस्तक छातीशी धरलं. "पण हे हाक मारत नाही, आमा."

"छापलेलं आहे, उघडलं की मारणारच."

"बघ तरी."

यांगजीला बघायचं नव्हतं. पण पोरीने पुस्तक तिच्या हातात दिलंच. तिने उघडलं. पानावर ओळी होत्या आणि ओळींत मधे मधे काळ्या शाईचे गिचमिड पट्टे. पुढच्या पानावरही तसेच, त्याच्या पुढच्याही. फोटो होता तिथे खालच्या ओळीवर आडवी काट मारलेली. प्रत्येक पट्ट्याच्या वर बारीक अक्षरात काही लिहिलेलं.

"हे कुणी नासवलं?"

"मीच. पहिल्यांदा वाचायच्या आधीच. नाव जिथे जिथे आहे तिथे तिथे खोडलं. मलाही कळतं की आपल्यात नाव घेत नाहीत."

"आणि वर काय लिहिलंयस?"

"'माझे बाबा.'" जांगमूने एका पट्ट्यावर बोट ठेवलं. "बाबा तर म्हणू शकते ना मी? का तेही चालत नाही?"

यांगजीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. तिला वाटत होतं की नवऱ्याला जपणारी या घरात ती एकटीच आहे. इकडे ही पोर पान न् पान पुसून बसली होती, न सांगता, न बोलता, अगदी आईसारखी.

इतकी वर्षं ते पुस्तक तिच्या घरात येत होतं. आत काय लिहिलंय ते तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"वाच," ती म्हणाली.

"सगळं?"

"होईल तेवढं."

जांगमूने पान लावलं आणि ओळीवर बोट ठेवून, आईच्या बोलीत शब्द शोधत वाचू लागली. "'माझे बाबा पुढे होते. वाऱ्याने दोर आडवा धरला होता. मी थांबलो, तेव्हा माझे बाबा वळले आणि माझ्याकडे बघून हसले…'"

"हसला नसेल," यांगजी म्हणाली.

जांगमूने मान वर केली.

"थंड वारा लागला की त्याची दाढ ठणकायची. तोंड वाकडं केलं असेल. त्या साहेबाला काय कळणार."

चुलीतली गोवरी खाली बसली. जांगमूचं बोट ओळीवर तसंच राहिलं. बाबांची दाढ दुखायची, हे कुठल्याच पानावर नव्हतं.

"कुठली दाढ, आमा?"

यांगजीने बाहीने नाक पुसलं आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं.

"ही. डावीकडची. लवंग धरून झोपायचा रात्रभर."